‘डंजन’ : बालेकिल्ल्यापासून अंधारकोठडीपर्यंत

दौलताबादचा किल्ला हे मराठवाड्यातील शाळांच्या सहलींचे जुने ठिकाण. परभणी, पोखर्णीकडून वेरूळला निघालेली गाडीही वाटेत येथे थांबतेच. कातळातून वळणे घेत वर चढणाऱ्या ‘अंधारी’त शिरल्यावर एखादा विद्यार्थी हमखास ‘डंजन’ असे म्हणून मोकळा होतो. गोष्टींची पुस्तके आणि संगणकावरील खेळ यांमुळे हा इंग्रजी शब्द आता शहरी घरांत रुळला आहे. अंधारीला मात्र तो लागू पडत नाही. अंधारी हा तुरुंग नव्हता. आत घुसलेल्या शत्रूला काळोखात चकवून गाठण्यासाठी केलेली ती संरक्षणाची योजना होती.

या किल्ल्यातील सर्वांत प्रसिद्ध कैदी राहिला तो चिनी महालात. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा ऊर्फ तानाशहा १६८७ मध्ये औरंगजेबाच्या हाती सापडला आणि १६९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत दौलताबादेत बंदिवासात होता. निळ्या-पांढऱ्या फरशांनी सजवलेल्या या महालाला कोणी अंधारकोठडी म्हणणार नाही. किल्ल्यातील काळोखी जागा तुरुंग नव्हती आणि तुरुंग काळोखी नव्हता.

‘डंजन’ या शब्दाचा प्रवासही असाच उलटसुलट आहे. इंग्रजीने तो फ्रेंच ‘दोंजों’पासून घेतला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘दोमिनुस’ म्हणजे धनी, स्वामी या शब्दात आहे. दोंजों म्हणजे गढीच्या मध्यभागी असलेला, धन्याच्या सत्तेची खूण असलेला सर्वांत भक्कम बुरूज. आपल्याकडे त्याला बालेकिल्ला म्हणावे लागेल. फ्रेंचमध्ये आजही हाच अर्थ चालतो. महत्त्वाचा कैदी साहजिकच सर्वांत भक्कम जागी ठेवला जाई. त्यामुळे बुरुजाचे नाव हळूहळू कैदेच्या जागेला चिकटले आणि पुढे इंग्रजीत ते बुरूज सोडून थेट तळघरात उतरले. लंडनच्या ‘व्हाइट टॉवर’चा पहिला नामांकित कैदी बिशप रॅनल्फ फ्लॅम्बार्ड हाही वरच कोंडलेला होता. मद्याच्या पिंपातून लपवून आणलेल्या दोराच्या साहाय्याने तो ११०१ मध्ये खिडकीतून खाली उतरून पसार झाला. तळघरातून असे पळता आले नसते! खऱ्या अर्थाने भयंकर शब्द फ्रेंचमधील ‘उब्लिएत’ हा होय. वरून एकच झडप असलेली ही खोल विहिरीसारखी कोठडी. शब्दाचे मूळ ‘विसरणे’ या क्रियापदात आहे.

सह्याद्रीत कैद्यासाठी खोल खणण्याची फारशी गरज नव्हती. रायगडासमोरच्या लिंगाण्यावर कैदी ठेवत. तेथे कडा हीच भिंत. पेशवाईतही गुन्हेगाराला बेडी घालून ‘किल्ल्यावर ठेवणे’ ही शिक्षाच होती. कोयनेच्या जंगलातील वासोट्यावर हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते; १८१८ मध्ये किल्ला पडल्यावर ते सुटले. नाना फडणीसांना १७९७च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी पकडले आणि अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) किल्ल्यात ठेवले. त्याच किल्ल्यात १९४२ नंतर नेहरू, पटेल, आझाद यांना डांबण्यात आले होते.

म्हणूनच किल्ल्यावरची प्रत्येक अंधारी खोली तुरुंग समजणे चूक ठरते. त्यांपैकी बऱ्याच धान्याची किंवा दारूगोळ्याची कोठारे असत. युरोपातही पर्यटकांना डंजन म्हणून दाखवली जाणारी अनेक तळघरे मुळात साठवणीची होती. मराठीत तर ‘कोठार’ आणि ‘कोठडी’ हे एकाच घरातले शब्द आहेत. गैरसमजाला तेवढे निमित्त पुरते.

मग ‘डंजन’ला मराठीत काय म्हणावे? ‘कारागृह’ सरकारी, ‘बंदीखाना’ फारसी वळणाचा, तर ‘तुरुंग’ पोर्तुगीज ‘त्रोंको’पासून आलेला. यांपैकी एकातही काळोख नाही. जुन्या मराठीत ‘भाकसी’ हा नेमका शब्द होता. तो वापरातून गेला, हे नुकसानच म्हणायचे. उरला तो ‘अंधारकोठडी’. शाळेच्या इतिहासाने तो कलकत्त्याशी जोडला. २० जून १७५६ च्या रात्री फोर्ट विल्यममधील एका लहानशा खोलीत १४६ जणांना कोंडले व २३ वाचले, असे हॉलवेलने लिहिले. हे आकडे फुगवलेले असल्याचे पुढील अनेक इतिहासकारांचे मत आहे. तीही मूळची तळघरातली कोठडी नव्हे, किल्ल्यातील पहारेकऱ्यांची बंदिस्त खोली होती.

१९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला आणि शब्दाला आणखी एक अर्थ मिळाला : राक्षस आणि खजिना दडलेला भुयारी चक्रव्यूह. आजच्या मुलांच्या तोंडी असतो तो बहुधा हाच.

बातम्यांमध्ये ‘अंधारकोठडी’ वापरताना मात्र जपायला हवे. कायद्यातील एकांतवासाची शिक्षा ही वेगळी बाब आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम असून, ती फक्त न्यायालयच सुनावू शकते. सक्तमजुरीच्या शिक्षेत एकूण तीन महिन्यांपेक्षा अधिक आणि सलग १४ दिवसांपेक्षा जास्त एकांतवास देता येत नाही. फाशीची शिक्षा झाली एवढ्याच कारणावरून कैद्याला एकांतवासात ठेवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा खटल्यात १९७८ मध्येच स्पष्ट केले आहे.