मृत मित्रांची स्वप्नभेट आणि संत अगुस्तीन

नोव्हेंबर महिन्यात मृतांसाठी मिस्साची मागणी करावयास येणारे भाविक एक प्रश्न हमखास विचारतात : "फादर, माझा मित्र जाऊन वर्ष होत आले. परवा तो स्वप्नात आला, माझ्याशी बोलला. त्याला काही हवे असेल का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपांनी तो दुसऱ्या बिशपांना लेखी विचारला होता.

विचारणारे होते उत्तर आफ्रिकेतील उझालिसचे बिशप एवोदियस आणि उत्तर देणारे हिप्पोचे बिशप संत अगुस्तीन. दोघे थागास्ते या एकाच गावचे. इ.स. ३८७ मध्ये ओस्तिया बंदरात संत मोनिका निवर्तल्या, तेव्हा स्तोत्रसंहिता हाती घेऊन स्तोत्रगायनास आरंभ करणारे हेच एवोदियस. सुमारे ४१४ साली त्यांनी जुन्या मित्राला एक दीर्घ पत्र लिहिले. त्यांच्याजवळ लेखनिकाचे काम करणारा बावीस वर्षांचा एक तरुण सोळा दिवसांच्या आजाराने मरण पावला होता. तो एका धर्मगुरूचा पुत्र होता. त्या काळी विवाहितांनाही गुरुदीक्षा मिळत असे. त्याच्या मृत्यूनंतर एका विधवेला स्वप्नात त्याच्यासाठी एक प्रासाद सजविला जात असलेला दिसला. मठातील एका बंधूला तर तो स्वतःच दिसला. "आपण मेलो आहोत हे तुला ठाऊक आहे काय?" असे त्या बंधूने विचारता त्याने होकार दिला आणि वडिलांना बोलावण्यासाठी आपणास धाडले आहे, असे सांगितले. थोड्याच दिवसांत त्याचे वडीलही निवर्तले.

एवोदियस एवढ्यावर थांबले नाहीत. मठातील आपले दिवंगत सोबती प्रोफुतुरस, प्रिवातस आणि सर्विलियस हे आपणाशी स्वप्नात बोलले व ते बोलले तसेच पुढे घडले, असे त्यांनी लिहिले. मग आत्मा देह सोडतो तेव्हा एखादा सूक्ष्म देह त्याच्यासोबत जातो काय? मृत खरोखरच आपल्या घरी येतात काय? हा त्यांचा प्रश्न होता.

अगुस्तीननी प्रथम जे उत्तर धाडले ते सावध होते. आपल्याच मनात रोज उमटणारी चित्रे कशी उमटतात हेही ज्याला उलगडत नाही, त्याने अशा विरळ दर्शनांचा निवाडा घाईने करू नये, असे त्यांचे म्हणणे. सोबत त्यांनी कार्थेजच्या गेन्नादियस नामक वैद्याची हकिगत दिली. मरणोत्तर जीवनाविषयी साशंक असलेल्या या वैद्याला स्वप्नात एका तरुणाने विचारले, "तुझे डोळे तर मिटलेले आहेत, मग मला पाहतोस ते कोणत्या डोळ्यांनी?" वैद्याला उत्तर सुचेना, आणि तेथेच त्याची शंका फिटली.

पुढे सुमारे ४२१ साली नोलाचे बिशप पौलिनस यांच्या पृच्छेवरून अगुस्तीननी मृतांच्या सेवेविषयी एक पुस्तिका लिहिली. तीत हाच विषय पुन्हा आला. मिलान येथे एका मुलाकडे त्याच्या मृत पित्याचे कर्ज मागितले जात होते. ते पूर्वीच फेडले होते. पित्याने स्वप्नात येऊन पावती कोठे आहे ते सांगितले आणि ती तेथेच सापडली. लोक म्हणत, यावरून मृत येतात हे सिद्धच झाले. परंतु अगुस्तीननी दुसरी हकिगत पुढे ठेवली. कार्थेजमध्ये त्यांचा शिष्य युलोगियस सिसेरोचा ग्रंथ शिकवीत असता एका उताऱ्यावर अडला. त्या रात्री अगुस्तीननी स्वप्नात येऊन त्याला अर्थ समजावला. अगुस्तीन मात्र तेव्हा समुद्रापलीकडे मिलानमध्ये होते. त्यांना याची वार्ताही नव्हती. जिवंत माणूस नकळत दुसऱ्याच्या स्वप्नात जातो, तर मृतही तसाच दिसत असेल. तो स्वतः आला असे त्यावरून ठरत नाही. देवाच्या आज्ञेने देवदूतांकरवी असे घडत असावे, ही शक्यता त्यांनी मोकळी ठेवली.

यानंतर ते आपल्या आईविषयी लिहितात. मृतांना इच्छेनुसार येता आले असते, तर माझ्यासाठी भूमी आणि सागर ओलांडून आलेली माझी माता एकही रात्र मला भेटल्यावाचून राहिली नसती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. तर्काच्या ओघात आलेल्या या विधानामागे चौतीस वर्षांचा विरह आहे, असे आम्हांस वाटते. ज्यांना आपला माणूस स्वप्नातही दिसत नाही आणि त्यामुळे ज्यांचे मन कष्टी होते, त्यांच्या पंक्तीला हा महान आचार्य येऊन बसला आहे.

ख्रिस्तसभेने मात्र स्वप्नभेटीचे दार पुरते लावून घेतले नाही. सुमारे ५९३ साली संत ग्रेगरी महान यांनी आपल्या 'संवाद' ग्रंथात युस्तस या मठवासीयाची कथा नमूद केली. त्याच्यासाठी तीस दिवस मिस्सा अर्पण केल्यावर तो आपल्या भावाला रात्री दिसला आणि आपण आता सुखरूप आहोत, असे म्हणाला. आजही ओळीने तीस दिवस अर्पण होणाऱ्या 'ग्रेगोरियन मिस्सा' या परंपरेतल्याच.

आमच्या वयाला सेमिनरीतील सहाध्यायी एकेक करून निघून जाऊ लागतात. त्यांच्या स्वप्नभेटी आम्हांसही घडतात. अशा वेळी घाबरून देवऋष्याकडे धाव घेऊ नये आणि मृतांना बोलावण्याच्या खटपटीतही पडू नये. पवित्र शास्त्राने ती निषिद्ध मानली आहे. मित्र दिसला तर देवाचे आभार मानावे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. दिसला नाही तरी तो आपल्याला विसरला असे समजू नये.

अगुस्तीन त्याच पुस्तिकेत मृतांच्या उपयोगी पडणाऱ्या तीन गोष्टी सांगतात : मिस्साबलिदान, प्रार्थना आणि दानधर्म. यांचा लाभ नेमका कोणाला होईल हे आपणास कळत नाही, म्हणून त्या सर्वांसाठी कराव्यात. ज्यांना आईबाप, मुलेबाळे, सोयरे वा मित्र उरले नाहीत, त्यांच्यासाठी ख्रिस्तसभा माता होऊन प्रार्थना करते, असेही ते म्हणतात. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी मठाचे प्रमुख संत ओदिलो यांनी आपल्या मठांत २ नोव्हेंबरला सर्व मृत श्रद्धावंतांचा दिवस पाळण्यास आरंभ केला, आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. यंदा त्या दिवशी कबरस्थानात आपल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावल्यावर शेजारच्या अंधाऱ्या कबरीवरही एक लावावी.