रोजकीर्द घरी ठेवायची तर किती रॅम लागते?



मागचे काही भाग ऐकून नोएडा-गुरुग्रामच्या आपल्या मराठी मंडळींनी, आणि इंदूर-बेळगावकडच्या श्रोत्यांनीही, एकच प्रश्न विचारला आहे. बिटकॉइनचा फुल नोड घरी चालवायचा तर संगणक कसला हवा? आठ जीबी रॅम पुरते का? नेहरू प्लेसच्या दुकानदाराला विचाराल तर तो बत्तीस जीबी गळ्यात मारेल. प्रश्न यंत्राचा आहे, पण त्याचं खरं उत्तर इतिहासात आहे. म्हणून आज इतिहासच सांगतो.

आधी फुल नोड म्हणजे काय ते पाहू. आपल्या जुन्या पेढ्यांवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत रोजचा प्रत्येक व्यवहार क्रमानं लिहायचा. त्यावरून खतावणी तयार व्हायची, म्हणजे कोणाच्या खात्यावर आज काय शिल्लक आहे ते. बिटकॉइनची ब्लॉकचेन ही रोजकीर्द आहे, फरक एवढाच की ती जगातल्या हजारो संगणकांवर जशीच्या तशी ठेवलेली असते. ती पहिल्या पानापासून उतरवून घेणारा, प्रत्येक नोंद स्वतः तपासणारा आणि तीवरून आपली खतावणी बनवणारा संगणक म्हणजे फुल नोड. तो नाणी कमावत नाही. मायनिंग हे वेगळं काम आहे. नोड फक्त तपासतो.

फौजेत क्वार्टरमास्टरच्या लेजरवर कितीही सह्या-शिक्के असले तरी स्टॉक-टेकिंग बोर्डाचा अधिकारी ब्लँकेटं स्वतः मोजतो. नोड म्हणजे तो अधिकारी.

आता यंत्राकडे वळू. रोजकीर्द मोठी असते, पण ती एकदा वाचली की पुन्हा क्वचितच उघडावी लागते. तिला डिस्कवर जागा हवी. खतावणी त्या मानानं लहान असते, पण प्रत्येक व्यवहाराला तिची पानं उलटावी लागतात. ती पानं रॅममध्ये असतील तर काम झरझर होतं. डिस्कवरून शोधायची असतील तर डिस्क वेगवान हवी. नोडच्या हार्डवेअरचं सगळं गणित या दोन वाक्यांत आलं.

सातोशी नाकामोतो या नावानं ३१ ऑक्टोबर २००८ रोजी जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात मेमरीचा हिशोब आहे. प्रत्येक ब्लॉकचं शीर्षक ८० बाइटचं. तासाला सहा ब्लॉक धरले तर वर्षाला ४.२ एमबी. त्या काळी बाजारात सर्रास २ जीबी रॅमचे संगणक मिळत, म्हणून साठवणुकीची अडचण येणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हिशोब बरोबर होता, पण तो फक्त शीर्षकांचा होता. शीर्षकाखालचं पान किती मोठं होऊ द्यायचं, यावर पुढे मोठा झगडा झाला.

३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक तयार झाला. पहिली आवृत्ती विंडोजच्या साध्या घरगुती संगणकावर चालत होती. २०१० मध्ये ब्लॉकला १ एमबीची मर्यादा घातली गेली. तेव्हा ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती, कारण पानं जवळजवळ कोरीच असत.

मार्च २०१३ मध्ये पहिला झटका बसला. ०.८ या नव्या आवृत्तीनं खतावणी ठेवण्याची पद्धत बदलून नवा डेटाबेस घेतला होता. ११ मार्चच्या रात्री एक मोठा ब्लॉक आला. नव्या आवृत्तीनं तो स्वीकारला. जुन्या आवृत्तीच्या डेटाबेसला एका वेळी तेवढ्या नोंदी पेलल्या नाहीत, म्हणून तिनं तो नाकारला. काही तास जगात दोन रोजकीर्दी चालू होत्या. शेवटी मोठ्या मायनरांनी मुद्दाम जुन्या आवृत्तीवर माघार घेतली आणि वही पुन्हा एक झाली. डेटाबेसची एक अंतर्गत मर्यादा साऱ्या जगाचा हिशोब दुभंगू शकते, हे त्या रात्री दिसलं.

मग २०१५ ते २०१७ चा झगडा झाला. एक पक्ष म्हणाला, ब्लॉक मोठे करा, म्हणजे व्यवहार जास्त आणि शुल्क कमी. दुसरा म्हणाला, ब्लॉक मोठे झाले की सामान्य माणसाच्या संगणकाला नोड परवडणार नाही, आणि तपासणी मूठभर डेटा सेंटरांच्या हाती जाईल. १ ऑगस्ट २०१७ ला पहिला पक्ष बिटकॉइन कॅश घेऊन वेगळा झाला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला मूळ साखळीवर सेगविट लागू झालं आणि क्षमता बेतानं वाढली. वरवर हा मेगाबाइटचा वाद होता. मुळात प्रश्न होता, वही तपासण्याचा अधिकार किती स्वस्त ठेवायचा.

त्या निर्णयाचा परिणाम आज मोजता येतो. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, सरासरी दीड एमबी धरला तर वर्षाला ८० जीबीच्या आत वाढ. पूर्ण रोजकीर्द आता ६०० जीबी ओलांडून गेली आहे, खतावणी १० जीबीच्या पुढे. याउलट इथेरियमच्या नोडला दोन प्रोग्राम, किमान २ टीबीची चांगली एसएसडी आणि १६ जीबी किंवा त्याहून अधिक रॅम लागते. सोलानाच्या व्हॅलिडेटरला २५६ जीबीच्या पुढे रॅम सांगतात. ते यंत्र घरच्या टेबलावरचं नव्हे.

आता थोडं आपल्या देशाकडे. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टो व्यवहारांशी संबंध ठेवायला मनाई केली. ४ मार्च २०२० ला इथे दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठानं ते रद्द केलं. त्या दोन वर्षांत एक्स्चेंजांची दारं बंद होत होती, पण नोडला बँक लागत नाही. त्याला वीज आणि इंटरनेट पुरतं.

याच काळात गेन बिटकॉइनचं प्रकरण उघड झालं. महिन्याला १० टक्के, अठरा महिने, असं आमिष. सूत्रधार दिल्लीचा, आणि गुन्हे दाखल झाले पुणे-नांदेडमध्ये. तपास यंत्रणा ६,६०० कोटी रुपयांचा आकडा सांगतात. लोकांनी खरे बिटकॉइन दिले आणि बदल्यात संकेतस्थळावरचे आकडे पाहत बसले. पुढे परतावा म्हणून एमकॅप नावाचं त्यांचंच टोकन हातात आलं. घरी नोड असता तर पैसे वाचले असते, असं मी म्हणणार नाही. एकदा दुसऱ्याच्या हाती दिलेलं नाणं नोड परत आणत नाही. पण आपल्या पत्त्यावर नाणं खरंच आलं की नाही, एवढं तो कोणालाही न विचारता सांगतो. पडद्यावरचा आकडा म्हणजे शिल्लक नव्हे, हे तो शिकवतो.

तर उत्तर. बिटकॉइनसाठी ८ जीबी रॅम पुरते. प्रोग्राम खतावणीसाठी मुळात मर्यादितच रॅम राखून ठेवतो. पहिल्या उतरवणीच्या वेळी ती मर्यादा ४ जीबी करा, दिवस वाचतील. डिस्क २ टीबीची एसएसडीच घ्या. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर खतावणी शोधताना यंत्राचा जीव जातो. जागा कमी असेल तर प्रूनिंग आहे, २०१५ पासून. त्यात प्रत्येक पान तपासून झाल्यावर जुनी पानं टाकून देता येतात, आणि रोजकीर्द ५५० एमबीवर भागते. तपासणीत मात्र काडीची सूट नाही, आणि उतरवावं लागतं सगळंच, तेव्हा ब्रॉडबँडची महिन्याची मर्यादा आधी पाहा. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते, म्हणून यूपीएस हवाच. मध्येच यंत्र बंद पडलं तर खतावणी बिघडून सगळं पहिल्या पानापासून मोजावं लागू शकतं.

नाणं घ्या किंवा घेऊ नका, तो तुमचा निर्णय आणि तुमची जोखीम. पण हिशोब जिथे तुमचा आहे, तिथे वही स्वतः वाचता येते का, हे आधी विचारा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.