रग्बी : वय आणि मैदानावरील जागा
पंधरा जणांच्या रग्बीत वय जागेनुसार जाणवते. कडेने धावणाऱ्या विंगरचे भांडवल वेग. तो बहुधा तिशीच्या आसपास ओसरतो. स्क्रमच्या (दोन्ही संघांच्या एकमेकांना भिडून होणाऱ्या रेटारेटीच्या) पहिल्या फळीतील प्रॉपची मान-खांदे झिजतात, पण ताकद व डावपेच त्याला तिशीतही तारतात. उरुग्वेचे आठ क्रमांकाचे दिएगो ओर्माएचेआ १९९९ चा विश्वचषक चाळिशीत खेळले. हा अर्थात अपवाद. मुंबईकर अभिनेते राहुल बोस (जन्म १९६७) १९९८ साली भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय संघात आले, तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. स्क्रम-हाफ आणि विंगर या दोन्ही जागा त्यांनी सांभाळल्या. सात जणांच्या प्रकारात तेवढ्याच मैदानावर निम्म्याहून कमी खेळाडू असल्याने मंदावलेले पाय लवकर उघडे पडतात.