चाल, खुबाबदल शस्त्रक्रियेनंतरची

खुब्याचा निकामी सांधा काढून कृत्रिम सांधा बसवल्यावर रुग्णाला पुन्हा न लंगडता चालता येण्याची प्रक्रिया. सांध्याचे जुने दुखणे बहुधा काही आठवड्यांत ओसरते. लंगडणे त्याच्याबरोबर जातेच असे नाही. सांधा नवा असला तरी स्नायू जुनेच असतात आणि दुखरी बाजू चुकवत चालण्याची वर्षानुवर्षांची सवय अंगात मुरलेली असते. ती मोडणे हे पुनर्वसनातले खरे काम. घरच्यांचे लक्ष मात्र रुग्ण किती चालला याकडे असते, कसा चालला याकडे क्वचितच.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा श्रोणीच्या उखळीत फिरतो. चालताना दर पावलाला काही क्षण सगळे शरीर एकाच पायावर तोललेले असते. त्या वेळी दुसऱ्या बाजूची कंबर खाली जाऊ नये म्हणून टेकलेल्या पायाच्या बाजूचे ग्लुटियस मीडियस आणि ग्लुटियस मिनिमस हे स्नायू श्रोणीला ओढून धरतात. हा तराजू मुळातच विषम आहे. शरीराच्या वजनाकडची दांडी लांब आणि स्नायूकडची निम्मी किंवा त्याहूनही आखूड. त्यामुळे स्नायूला वजनाच्या दुपटीच्या आसपास जोर लावावा लागतो आणि सांध्यावर वजनाच्या सुमारे अडीच ते तीनपट भार येतो. म्हणजे 60 किलोच्या माणसाच्या खुब्यावर साध्या चालण्यातही 150 ते 180 किलो. बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमन आणि सहकाऱ्यांनी संवेदक असलेले कृत्रिम सांधे रुग्णांना बसवून हा भार प्रत्यक्ष मोजला. नुसते अडखळले तरी तो वजनाच्या सात-आठपटींवर जाऊ शकतो, असे त्यांना दिसले.

हे स्नायू कमजोर असले की एका पायावर उभे राहताना दुसऱ्या बाजूची कंबर खचते. जर्मन शल्यविशारद फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1895 मध्ये वर्णिलेली ही खूण आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुष्कळ रुग्णांची कंबर खचलेली दिसत नाही. ते धडच शस्त्रक्रियेच्या बाजूला झोकून देतात. त्याने वजनाकडची दांडी आखूड होते आणि स्नायूचे काम हलके होते. शरीराने आपणहून काढलेली ही पळवाट इतकी सोयीची असते की स्नायू सुधारल्यावरही ती सुटत नाही. रुग्णाला स्वतःला ती जाणवत नाही. आरशासमोर चालवले किंवा मोबाइलवर पाठीमागून चित्रफीत काढून दाखवली, की तो चकित होतो. जमिनीवर पडणाऱ्या पावलांचा असमान ठेका आणि एकाच बाजूने झिजलेली चप्पल, या घरात सहज सापडणाऱ्या खुणा.

आधुनिक खुबाबदलाचे जनक इंग्लंडमधील जॉन चार्नली. त्यांनी 1962 च्या नोव्हेंबरात रायटिंग्टन रुग्णालयात धातूचा लहान माथा आणि पॉलिथिलीनची वाटी असलेला सांधा वापरायला सुरुवात केली. त्याआधी वापरलेले टेफ्लॉन लवकर झिजून फसले होते. चार्नलींचा भर केवळ झीज कमी करण्यावर नव्हता. त्यांनी वाटी आत सरकवली आणि स्नायू जिथे चिकटतात तो हाडाचा उंचवटा बाहेरच्या बाजूला बसवला, म्हणजे स्नायूकडची दांडी लांब होईल. आजही सांध्याचे माप निवडताना पायाच्या लांबीइतकेच या दांडीकडे पाहिले जाते. ती आखूड राहिली तर सांधा बिनदुखा होऊनही चाल सुधारत नाही.

छेद कुठून दिला यालाही महत्त्व असते. बाजूने शिरताना ग्लुटियस मीडियसचा काही भाग सोडवून पुन्हा शिवावा लागतो, त्यामुळे लंगडण्याचा धोका थोडा जास्त. मागून शिरल्यास हा स्नायू वाचतो, पण सांधा निखळण्याची भीती अधिक. पुढून शिरल्यास पहिले काही आठवडे हालचाल लवकर सुधारते. पुढे हा फरक बराचसा मिटतो.

बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभे करतात. काही आठवड्यांत वॉकर जाऊन काठी येते, आणि खरी घाई इथेच होते. काठी टाकणे म्हणजे बरे होणे, असा समज आपल्याकडे पक्का आहे. पाहुण्यांसमोर बिनकाठीचे चालून दाखवण्यात मोठी धन्यता वाटते. मिलवॉकीचे अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी 1956 मध्ये काठी टाकू नका असे बजावणारा लेखच लिहिला होता. काठी शस्त्रक्रियेच्या विरुद्ध हातात धरायची असते. सांध्यापासून दूर असल्याने तिथला थोडासा टेकूही कमजोर स्नायूचे पुष्कळ काम वाचवतो. ‘ज्या पायाचे ऑपरेशन, त्याच हातात काठी’ हा घरगुती सल्ला चुकीचा आहे. त्याने धड नेमके त्याच बाजूला कलते. बिनकाठीचे झुकत चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चाललेले बरे. शस्त्रक्रिया झालेल्या पायावर सुमारे 30 सेकंद कंबर न खचता आणि धड न कलता उभे राहता आले, तर काठी सोडायला हरकत नसते.

व्यायामांत पाय बाजूला उचलणे, उताणे झोपून कंबर वर उचलणे आणि पुढे पायरीवर चढ-उतार हे महत्त्वाचे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा. दुर्लक्षित राहते ते पाय मागे नेणे. आधीच्या दुखण्यात आणि नंतर तासन्‌तास खुर्चीत बसून खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात. मग पाय मागे जात नाही, पाऊल तोकडे पडते आणि उणीव कंबर वाकवून भरून काढली जाते. गुडघ्याखाली सतत उशी ठेवल्याने हा आखडलेपणा वाढतो.

‘पाय लांब झाला’ ही नेहमीची तक्रार. कधी लांबी खरोखर वाढलेली असते. पुष्कळदा आखडलेल्या स्नायूंमुळे श्रोणी तिरकी राहून तसे वाटते, आणि ते काही महिन्यांत निवळते. म्हणून चपलेत जाड टाच घालण्याची घाई करू नये.

भारतात या शस्त्रक्रियेचे रुग्ण पाश्चात्त्य देशांतल्याप्रमाणे केवळ म्हातारपणातल्या झिजेचे नसतात. रक्तपुरवठा तुटून माथा मरणे हे इथले मोठे कारण. त्यामागे स्टेरॉइड, दारू, तसेच विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल आजार असतो. हे रुग्ण तरुण असतात, अनेकदा दोन्ही खुबे बिघडलेले असतात आणि त्यांना कामावर परतायचे असते. त्यांच्या वाटेत आणखी एक अडचण येते ती बैठकीची. मागून छेद दिलेल्यांना सुरुवातीचे काही आठवडे खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवायला, पायावर पाय टाकायला आणि पाय आत वळवायला बहुधा मनाई असते. त्यामुळे पाट, पंगत, उकिडवे बसणे आणि देशी संडास बंद होतात. मांडी घालायला पुढे कधी परवानगी मिळेल हे शल्यविशारदानेच ठरवायचे.

सर्वसाधारण सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत झपाट्याने होते, नंतर वर्षभर सावकाश चालू राहते. स्नायूंची ताकद कित्येकांत वर्षानंतरही दुसऱ्या पायाइतकी नसते. घरात ठीक दिसणारी चाल लांबच्या फेरफटक्यात थकव्याने बिघडते, म्हणून तपासणी थोडे चालवून झाल्यावर करावी. चांगली चाल आल्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी माणूस नव्याने लंगडू लागला, मांडीत किंवा जांघेत दुखू लागले, विशेषतः बसून उठताना पहिल्या पावलांना, तर सांधा सैल होणे, जंतुसंसर्ग किंवा स्नायू सुटणे या शक्यता असतात. अशा वेळी व्यायाम वाढवू नये. क्ष-किरण आणि रक्ततपासणी करून घ्यावी.