धांदरटांचा इतिहास

आमच्या मंडणगडात धांदरट माणसाला रोगी कोणी म्हणत नसे. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६चे. पण एक काम अर्धे टाकून दुसरे काढणाऱ्याला तिथे कोण नेईल?

या अवधान-न्यूनतेचे, आजच्या एडीएचडीचे, वर्णन अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८मध्येच केले होते. वयाबरोबर हा दोष बहुधा ओसरतो, असेही तो लिहून गेला. माझ्या मते पुढची पावणेदोनशे वर्षे याच समजुतीने खाल्ली. १९६८च्या अमेरिकी वर्गीकरणात हा विकार बालपणाचाच होता. १९८०मध्ये मोठ्यांना जागा मिळाली ती ‘अवशिष्ट’ या खणात, जणू उरलेसुरले! २०१३मध्ये प्रौढांसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी ठरली.

बालपणाची अट मात्र सुटली नाही. सात वर्षांची मर्यादा बारावर आली, इतकेच. रक्ततपासणीत हे कळत नाही, साक्षीदार लागतो. आमचा चाकरमानी चाळिशीत मुंबईच्या डॉक्टरसमोर बसतो, तेव्हा प्रगतिपुस्तक वाळवीने खाल्लेले असते आणि आई गावी. फोनवर ती म्हणते, “तो लहानपणापासून असाच.” निदान त्या एका वाक्यावर होत नाही, पण त्याच्यावाचून अडते.