खचीत, अर्थात ‘आमेन’

रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर धर्मग्रामातील एका मुलाने आम्हांस एक प्रश्न विचारला. आजीच्या जुन्या बायबलमधून त्याने संत योहानकृत शुभवर्तमान वाचावयास घेतले होते. “फादर, प्रभू येशू पुनःपुन्हा ‘खचीत खचीत’ असे का म्हणतो? भिंत खचते, माणूस खचतो. मग येशू का खचतो?” आम्हांस हसू आले. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पावसाळ्यात गोदाकाठी भिंती खचल्याच्या बातम्या ऐकत वाढणाऱ्या मुलास या शब्दातून दुसरे काय उमजावे?

वास्तविक अर्थ नेमका उलट आहे. संस्कृतात ‘खचित’ म्हणजे जडवलेले, घट्ट बसवलेले. ‘रत्नखचित मुकुट’ आपण म्हणतो तो याच अर्थाने. आपल्या नाशिकच्या सराफ बाजारातील कारागीर कोंदणात खडा बसवून कडा दाबतो, तेव्हा तो खडा खचित होतो. असे पक्के बसलेले हलत नाही. मराठीत ‘खचित’ हे क्रियाविशेषण ‘निश्चितपणे’ या अर्थी रूढ झाले. मोल्सवर्थच्या कोशाने हे दोन्ही अर्थ नोंदले आहेत.

बायबलचे मराठी भाषांतर करण्यात पुढाकार घेणाऱ्या मिशनऱ्यांच्या परिचयाच्या इंग्रजी बायबलात याच जागी ‘व्हेरिली’ हे जुने क्रियाविशेषण होते. विल्यम टिंडेलच्या १५२६ च्या नव्या करारात ते आहे आणि १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीने ते घरोघरी नेले. त्याचे मूळ लॅटिन ‘वेरुस’ म्हणजे ‘खरा’ या शब्दात आहे. फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘व्हेरी’ आला व त्यास ‘ली’ हा प्रत्यय लागला. आज ‘व्हेरी गुड’ म्हणताना ‘व्हेरी’ एके काळी ‘खरा’ होता, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

त्याहूनही जुन्या इंग्रजीत सत्याला ‘सूथ’ म्हणत. हा शब्द आपल्या ‘सत्’चा दूरचा भाऊबंद होय. त्यावरून ‘फॉरसूथ’ म्हणजे ‘खरोखर’ हे क्रियाविशेषण झाले. पण पुढे ते थट्टेचे बनले. कोणी बढाई मारली की आपण शेवटी खोचकपणे ‘म्हणे’ जोडतो, तसे. खरेपणाची ग्वाही देणारे शब्द वापरून वापरून असे झिजतात.

मात्र शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक संहितेत या जागी ग्रीक शब्दच नाही. तेथे ‘आमेन’ हा हिब्रू शब्द जसाच्या तसा ठेवलेला आहे. लॅटिन बायबलनेही तो राखला. परागंदा इंग्रज कॅथलिक विद्वानांनी १५८२ मध्ये फ्रान्समधील रॅंस येथे नवा करार छापला, तेव्हा त्यांनीही ‘व्हेरिली’ न घेता ‘आमेन’च ठेवला. काही शब्द त्यांच्या पावित्र्यामुळे अनुवादिले जात नाहीत, असे सांगताना संत ऑगस्टिन यांनी ‘आमेन’ व ‘आलेलुया’ हीच उदाहरणे दिली होती.

‘आमेन’च्या हिब्रू धातूत दृढ असणे, भार पेलणे हा भाव आहे. ‘श्रद्धा’ व ‘सत्य’ या अर्थांचे हिब्रू शब्दही त्याच धातूचे. यहुदी लोक दुसऱ्याची प्रार्थना वा आशीर्वचन ऐकून शेवटी ‘आमेन’ म्हणत. येशूने मात्र तो शब्द स्वतःच्या वचनाच्या आरंभी आणला. संत योहानाच्या शुभवर्तमानात असा दुहेरी ‘आमेन’ पंचवीस वेळा येतो. संदेष्टे ‘परमेश्वर असे म्हणतो’ म्हणून देवाची साक्ष काढीत. येशू आपल्या वचनाची ग्वाही स्वतःच देतो. प्रकटीकरणाच्या ग्रंथात तर ‘आमेन’ हे त्याचे नावच झाले आहे.

हे पाहता ‘खचीत’ हा शब्द ‘व्हेरिली’पेक्षाही मुळाच्या जवळ पोचला, असे आम्हांस वाटते. इंग्रजी शब्द खरेपणा सांगतो. मराठी शब्द त्याबरोबर दृढताही सांगतो. आजच्या वाचकासाठी ‘खरे सांगतो’ असे लिहिणे सोयीचे आहे व त्यास आमचा विरोध नाही. परंतु जुना शब्द समजून न घेताच टाकून देऊ नये.

पुढील रविवारी आम्ही त्या मुलास खड्याची व कोंदणाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “म्हणजे येशू खचत नाही, तो पक्का आहे.” याहून चांगले भाष्य आम्हांस करता आले नसते.

प्राचीन रोमच्या मंदिरांत लोकांचा ‘आमेन’ मेघगर्जनेसारखा घुमत असे, असे संत जेरोम लिहितात. आपला ‘आमेन’ पुष्कळदा ओठांतच विरतो. ‘ख्रिस्ताचे शरीर’ हे शब्द ऐकून आपण ‘आमेन’ म्हणतो, तेव्हा ‘हे खचीत आहे आणि मीही येथेच पक्का राहीन’, असे आपण बोलत असतो. पालकांनी मुलांना प्रार्थना पाठ करून देताना हा शेवटचा शब्द तेवढा उलगडून सांगावा, एवढीच विनंती.