अंबरातील कीटक
अंबरातील कीटक : वृक्षांच्या राळेत अडकून तिच्यासह जीवाश्मरूपाने टिकलेले कीटक. अंबर (तृणमणी) हे खनिज नसून जीवाश्मीभूत राळ होय. खोडावरून ओघळणाऱ्या राळेला चिलटे, मुंग्या, माश्या चिकटतात. त्यांवर राळेचा पुढचा थर चढतो. जमिनीत गाडलेल्या राळेतील बाष्पनशील द्रव्ये उडून जातात, ती कठीण होते आणि लक्षावधी वर्षांत तिचे अंबर बनते. कीटकाचे शरीर आतून बहुधा पोकळ झालेले असते; पंखांच्या शिरा व पायांवरचे केस मात्र स्पष्ट दिसतात.

बाल्टिक किनाऱ्यावरचे अंबर सुमारे ३.५ ते ४.५ कोटी, डोमिनिकन प्रजासत्ताकातील १.५ ते २ कोटी, तर म्यानमारमधील सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचे आहे. भारतात सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइट खाणीत ५ कोटी वर्षांहून जुने, सालवृक्षाच्या कुळातील झाडांचे अंबर मिळते.

अस्सल अंबराऐवजी कोपल ही कोवळी राळ किंवा प्लॅस्टिक विकले जाते. मिठाच्या संपृक्त द्रावणात अंबर तरंगते. काच व बेकेलाइट बुडतात. कोपल मात्र अंबरासारखीच तरंगते. ॲसिटोनच्या थेंबाने कोपल चिकट होते. पण वस्तानचे अस्सल अंबरही काही द्रावकांत विरघळते. त्यामुळे एकाच कसोटीवर निर्णय देता येत नाही. अवरक्त वर्णपटावरून राळेचा प्रकार अधिक खात्रीने ओळखता येतो.

अंबर खरे असले, तरी आतला कीटक खरा असेलच असे नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममधील एका तुकड्यातील माशी जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९६६ मध्ये अस्सल मानली होती. ती आजच्या ‘फॅनिया स्कॅलॅरिस’ या जातीची असल्याने, ही जाती कोट्यवधी वर्षे बदललीच नाही, असा अर्थ निघत होता. १९९३ मध्ये अँड्रू रॉस यांनी लबाडी उघड केली : अंबर दुभागून, एका भागात खळगा कोरून, त्यात माशी बसवून दोन्ही भाग पुन्हा जोडलेले होते.

म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली कीटकाभोवतीचा सांधा, राळेच्या प्रवाहरेषा व बुडबुडे तपासतात. प्रवाहरेषा कीटकापाशी वळलेल्या असणे, पाय वेडेवाकडे असणे आणि बाल्टिक अंबरात ओकवृक्षाचे ताराकृती केस सापडणे ही अस्सलपणाची लक्षणे होत. मधोमध नीट पंख पसरून बसलेला मोठा कीटक संशयास्पद ठरतो. अखेरीस जाती ओळखून तिचा काळाशी मेळ बसतो का, हे पाहतात.